प्रताधिकार व रास्त वापर (जाहिरात-मजकूर)

प्रताधिकार, रूढ भाषेत कॉपीराइट : लेखन, चित्र, छायाचित्र, संगीत, चित्रपट, ध्वनिमुद्रण यांवर मिळणारा कायदेशीर हक्क. भारतात तो प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार मिळतो (अंमल २१ जानेवारी १९५८ पासून). कृती निर्माण होताच हक्क लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील बिल्डर, क्लासेस, सराफ व मिठाईवाले यांच्यासाठी पोस्ट आणि रील तयार करणाऱ्यांच्या दृष्टीने ही नोंद केली आहे.

रास्त वापर : अमेरिकी कायद्यातील ‘फेअर यूज’ची कसोटी खुली असून तिचे चार निकष आहेत. भारतीय अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये मात्र ठरावीक अपवादांची यादी आहे. खासगी वापर व संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन ही त्यातील मुख्य प्रयोजने. मालाची जाहिरात या यादीत नाही. ‘साभार’ किंवा ‘सौजन्य’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. गाण्याचे काही सेकंद चालतात, या समजुतीलाही अधिनियमात आधार नाही. टिप्स (संगीत कंपनी) विरुद्ध विंक या वादात विंक या गाणी डाउनलोड करू देणाऱ्या व्यापारी सेवेने खासगी वापराचा बचाव घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो अमान्य केला व २०२२ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. अमेरिकी निकषांना किती वजन द्यावे, याबाबत भारतीय निर्णय एकसारखे नाहीत.

मराठी साहित्य : लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे संरक्षण असते. ठाण्याच्या रंगायतनाला ज्यांचे नाव आहे त्या राम गणेश गडकरींचे (मृ. १९१९) लेखन मुक्त आहे, कल्याणच्या रंगमंदिराला ज्यांचे नाव आहे त्या आचार्य अत्र्यांचे (मृ. १९६९) २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. साने गुरुजींच्या (मृ. १९५०) हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत २०१० अखेर संपली. ग. दि. माडगूळकर (मृ. १९७७) २०३७, कुसुमाग्रज (मृ. १९९९) २०५९ आणि पु. ल. देशपांडे (मृ. २०००) २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहेत. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिन, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी दुकानाच्या शुभेच्छापत्रावर त्यांची कविता छापायची, तर हक्कधारकाची लेखी परवानगी घेणे उचित. ओळीत फेरफार करून दुकानाचे नाव घुसविल्यास कलम ५७ मधील कर्त्याच्या नैतिक हक्काचाही प्रश्न येतो. संतवाङ्मय मुक्त आहे, परंतु अभंगाची आधुनिक चाल व ध्वनिमुद्रण यांवर स्वतंत्र हक्क असू शकतात. मुदत संपली तरी कवीचे नाव द्यावे. वाचकाशी इमान राखण्याची ती किमान अट आहे.

मालकी : पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्कही सामान्यतः काढवून घेणाऱ्याचा. फ्रीलान्स लेखकाचा मजकूर आणि आरेखकाचा लोगो मात्र बिल चुकते झाले म्हणून ग्राहकाचा होत नाही. हस्तांतर लेखी व सहीनिशी लागते. त्यात मुदत नसेल तर ते ५ वर्षांपुरते, प्रदेश नसेल तर भारतापुरते मानले जाते (कलम १९). हे कलम स्वतंत्र काम करणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावे.

संगीत : विवाहसमारंभातील वादनाला कलम ५२ मध्ये सवलत आहे, त्या समारंभाच्या चित्रफितीचा जाहिरातीसाठी वापर हा निराळा विषय.

उपाय : मनाई हुकूम, नुकसानभरपाई. कलम ६२ मुळे फिर्यादीला आपण राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. डोंबिवलीच्या लेखकासाठी ते ठाणे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास साधारणतः ६ महिने ते ३ वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड (कलम ६३).

संगणकनिर्मित कृती : ती निर्माण करविणारी व्यक्ती कर्ता मानली जाते (कलम २).