सेप्टिक टाकी आणि भूजलातील नायट्रेट

सेप्टिक टाकीला जोडलेल्या शोषखड्ड्यातून जमिनीत मुरणाऱ्या सांडपाण्यामुळे भूजलातील नायट्रेटचे प्रमाण वाढू शकते. ही वाढ किती आहे आणि ती सांडपाण्यामुळेच झाली आहे का, हे ठरवणे जलभूशास्त्र व सार्वजनिक आरोग्य या दोन्ही शाखांचा विषय आहे. जेथे भुयारी गटार नाही आणि पिण्याचे पाणी घराच्या आवारातील विहिरीतून घेतले जाते, तेथे या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांसाठी ओळखले जाणारे पिंगुळी (तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग) व त्याचा परिसर अशाच विहिरींच्या प्रदेशात येतो.

निर्मिती

मानवी उत्सर्गातील बहुतांश नत्र मूत्रात असते. सेप्टिक टाकीत प्राणवायू नसल्यामुळे या नत्राचे रूपांतर मुख्यतः अमोनियममध्ये होते. टाकीत गाळ खाली बसतो, परंतु विरघळलेले नत्र पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाते. खड्ड्याभोवतीच्या हवेशीर मातीतील जिवाणू अमोनियमचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्रेट ऋणभारित असल्याने बहुतेक मातींना ते चिकटत नाही आणि पाण्याबरोबर भूजलापर्यंत पोहोचते. म्हणजेच उत्तम चालणारी सेप्टिक टाकीही नायट्रेट अडवू शकत नाही. ते तिचे कामच नव्हे.

मर्यादा व आरोग्य

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात प्रति लिटर ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते व या मर्यादेत सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट आणि तान्ह्या मुलांची त्वचा निळसर पडण्याचा विकार (मेथहिमोग्लोबिनेमिया) यांतील संबंध दाखवला. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट, पाणी आटल्यामुळे त्याची तीव्रता किंचित वाढते.

कोकणातील परिस्थिती

कोकणातील जांभा दगड सच्छिद्र असून त्यात नळीसारख्या पोकळ्या असतात. त्याच्या खाली बरेचदा 'शेडी' नावाची चिकण माती असते. मुरलेले पाणी या थरावर अडते आणि आडवे वाहू लागते. पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात, तर एप्रिल-मे महिन्यांत तळ गाठतात. भूजलपातळी शोषखड्ड्याच्या तळापर्यंत चढली की हवेशीर माती उरत नाही. अशा वेळी अमोनियम व रोगजंतू नायट्रेटचा टप्पा न गाठताच विहिरीकडे जाऊ शकतात. त्यामुळे पावसाळ्यात घेतलेल्या नमुन्यात नायट्रेट कमी दिसले, तरी पाणी निर्धोक आहे असा अर्थ काढता येत नाही.

२०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता क्रमवारीत सिंधुदुर्ग जिल्हा सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत पहिला आला. उघड्यावरील शौच थांबल्याने पृष्ठजल सुरक्षित होण्यास मदत होते. मात्र घरोघरी शौचालय झाल्यावर तेच नत्र आवारातील एका खड्ड्यात एकवटते.

मूल्यमापन

पहिली पायरी साध्या हिशेबाची असते. प्रत्येकी वर्षाला ३ किलो नत्र धरल्यास पाच माणसांच्या घरातून १५ किलो नत्र जमिनीत जाते. ३००० मिलिमीटर पावसापैकी १० टक्के पाणी मुरते असे मानल्यास एका हेक्टरवर ३००० घनमीटर पुनर्भरण होते. सर्व नत्राचे नायट्रेट झाल्यास त्याची तीव्रता प्रति लिटर सुमारे २२ मिलिग्रॅम येते. हेक्टरी दोन घरे असल्यास हा आकडा मर्यादेला टेकतो. प्रत्यक्षात काही नत्र गाळात राहते व काही विनत्रीकरणाने वायुरूपात निघून जाते, म्हणून ही वरची कड समजावी. हाच हिशेब ६०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशासाठी केला, तर एकाच घरामुळे ११० मिलिग्रॅम येतात. कोकणाला मुसळधार पावसाचा हा मोठा आधार आहे, पण दाट वस्तीत तो अपुरा पडू शकतो.

दुसरी पायरी नमुन्यांची असते. खड्ड्याच्या चढाकडील व उताराकडील विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासतात. नायट्रेटबरोबर अमोनियम, क्लोराइड व ई. कोलाय जिवाणूही मोजतात. नायट्रेट आणि क्लोराइड एकत्र वाढत असतील, तर सांडपाण्याचा संशय बळावतो. मालवणसारख्या किनारी भागात मात्र क्लोराइड समुद्रातूनही येते, म्हणून तेथे क्लोराइड व ब्रोमाइड यांचे गुणोत्तर पाहावे लागते.

सर्वांत कठीण भाग स्रोत वेगळे करण्याचा आहे. भातशेतीतील व नारळ-सुपारीच्या बागांतील युरिया, गोठा आणि शेणखताची गायरी यांतूनही नायट्रेट येते. नत्राच्या समस्थानिकांवरून रासायनिक खत व उत्सर्ग यांत फरक करता येतो, पण शेण आणि मानवी मैला यांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. तेथे कॅफीन किंवा कृत्रिम गोडीची द्रव्ये उपयोगी पडतात, कारण ती गुरांच्या शेणात सहसा आढळत नाहीत.

अंतराचा नियम

आयएस २४७० नुसार शोषव्यवस्था पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावी. हे अंतर रोगजंतूंचा धोका कमी करण्यासाठी ठरवलेले आहे. जंतू मातीत गाळले जातात व काही काळाने मरतात. नायट्रेटला यांपैकी काहीच लागू होत नाही. शिवाय छोट्या आवारात शेजाऱ्याचा खड्डा हिशेबात धरला जातोच असे नाही. त्यामुळे नायट्रेटच्या बाबतीत एका खड्ड्याच्या अंतरापेक्षा हेक्टरी घरांची संख्या अधिक निर्णायक असते आणि ती बांधकाम परवानगीच्या वेळीच पाहावी लागते.