घाटात जुनी ऑटोमॅटिक गाडी सारखा गिअर का बदलते?

आंबेनळी किंवा कुंभार्ली घाट चढताना जुनी ऑटोमॅटिक गाडी मध्येच झटके देते, गिअर वर-खाली करत राहते. दरवेळी तो बिघाडच असतो असं नाही. सेकंडहँड बाजारातल्या स्वस्त ऑटोमॅटिक बऱ्याचदा 'एएमटी' असतात. २०१४ मध्ये सेलेरिओपासून त्या आपल्याकडे रुळल्या. आत गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचाच, फक्त क्लच दाबून गिअर टाकायचं काम मशीन करतं. पण मशीनला पुढचा चढ दिसत नाही. वळणावर तुम्ही पाय सैल सोडला की ते वरचा गिअर टाकतं, चढ लागला की पुन्हा खाली येतं.

म्हणून चढाला लिव्हर 'एम'वर घ्या आणि दुसरा गिअर धरून ठेवा.

ट्रॅफिक तुंबलं तर रेस देऊन गाडी चढावर तोलू नका, क्लच त्यानेच जळतो. हँडब्रेक ओढा, निघताना रेस दिल्यावर गाडी ओढायला लागली की मगच सोडा, नाहीतर गाडी मागे घसरते.

उतारालाही 'एम'च. न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचवणारे बहाद्दर आहेत, पण ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, ब्रेक आपोआप थंड होऊ द्या.