मोडणारा क्रँक

मुंढव्याहून केशवनगर मागं टाकलं, की मांजरी लागते. माझं बालपण इथलं. 1984 च्या पावसाळ्यात मी दहावीत होतो. दादा पहाटे मोटारसायकलला पालेभाज्यांचे गठ्ठे बांधून हडपसरला जायचा. गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. एका संध्याकाळी पेट्रोल भरायला मला धाडलं आणि ऑइलचे पैसे मी वडापावात घातले. कुणाला कळणार आहे, असं वाटलं होतं.

कळलं. दुसऱ्या दिवशी चालत्या गाडीचं इंजिन जागीच आवळलं, मागचं चाक अडलं आणि दादा रस्त्यावर पडला. त्याचं कोपर मोडलं. मिस्त्रींनी इंजिन खोलून क्रँक बाहेर काढला आणि म्हणाले, "पोरा, हे बघ. बेअरिंग जळून निळं पडलंय." तेव्हापासून या वस्तूनं माझा पिच्छा सोडलेला नाही.

क्रँक म्हणजे काय, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. जात्याचा खुंटा मध्यावर नसतो, कडेला असतो. हात पुढं-मागं होतो आणि दगड गोल फिरतो. इंजिनात हाताच्या जागी पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड असतो, एवढाच फरक. इतक्या साध्या युक्तीवरही मालकी सांगितली गेली. 1780 मध्ये इंग्लंडात जेम्स पिकार्डनं वाफेच्या इंजिनाला क्रँक लावण्याचं पेटंट घेतलं. जेम्स वॅटला त्यातून वाट काढण्यासाठी 1781 मध्ये दातेरी चाकांची वेगळीच रचना करावी लागली.

पुढचा धडा रेल्वेनं दिला. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासाहून अधिक माणसं दगावली. आस रोज धावत होता, मग त्याच दिवशी का तुटला? जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यानं पुढं अनेक वर्षं आस फिरवून-फिरवून, वाकवून-वाकवून पाहिले. एका दणक्यात जे लोखंड तुटत नाही, तेच त्याहून कितीतरी कमी ताण लाखो वेळा सोसून तुटतं, असं त्याला आढळलं. पण ताण एका मर्यादेच्या आत ठेवला, तर पोलाद जवळजवळ कायम टिकतं. धातूचा हा थकवा आजही क्रँकच्या आखणीचा पाया आहे.

आता आपल्या गाडीचा हिशेब करा. मिनिटाला 6000 फेरे म्हणजे तासाला 3 लाख 60 हजार. एक कोटी फेरे व्हायला 28 तासही लागत नाहीत. म्हणून आखणी करणारा माणूस 'किती जोर लागेल?' एवढंच विचारत नाही. 'किती वेळा लागेल?' हेही विचारतो.

तडा बहुधा कोपऱ्यातून सुरू होतो. दांडा जिथं जाड बाजूला मिळतो, तिथं काटकोन ठेवला तर सगळा ताण तिथंच गोळा होतो. म्हणून त्या जागी गोलाई देतात, तेलाच्या भोकाची धार मोडतात, वरचा थर उष्णता देऊन कठीण करतात. तुटलेला क्रँक हातात घेतलात तर त्यावर एकामागोमाग एक रेषा दिसतात, मुळा-मुठेचं पाणी ओसरताना काठाच्या गाळावर राहतात तशा. तडा किती दिवस सरकत होता, याच्या त्या खुणा. शेवटचा भाग खडबडीत, दाणेदार असतो. तो मात्र एका क्षणात तुटलेला असतो.

आपल्या शेजारच्या मुंढव्यात नीलकंठराव कल्याणी यांनी 1961 मध्ये स्थापन केलेल्या भारत फोर्जमध्ये ट्रकचे क्रँक तयार होऊ लागले. लालबुंद पोलाद साच्यात दाबून एकसंध घडवायचं. पूर्वी सुतार नांगरासाठी मुळातच बाक असलेलं बाभळीचं लाकूड शोधायचा, कारण सरळ लाकूड कापून बाक काढला की धागा तुटतो. दाबून घडवलेल्या पोलादातही धागा वळणावळणानं जातो. हेच त्याचं बळ.

एक सिलिंडरच्या मोटारसायकलचा क्रँक बहुधा असा एकसंध नसतो. दोन जाड चकत्या आणि त्यांच्यामध्ये प्रचंड दाबानं बसवलेली पिन. त्यामुळं अखंड कनेक्टिंग रॉड आणि बारीक रोलरचं बेअरिंग पिनवर आधी ओवता येतं. सोय मोठी, पण दुखणंही तिथंच. ऑइल कमी पडलं की बेअरिंग जळतं. इंजिन एकाएकी अडलं की पिनवर चकत्या किंचित फिरतात आणि दांडा मध्यातून सरकतो. मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा फरकही गाडी थरथरायला पुरतो. म्हणून चांगला मिस्त्री नवी पिन बसवल्यावर डायल गेज लावून क्रँक फिरवून पाहतो. नुसत्या नजरेवर तो विसंबत नाही.

2001 मध्ये बजाजची पल्सर आली, तोवर फोर-स्ट्रोक गाड्यांनी टू-स्ट्रोकला मागं सारायला सुरुवात केली होती. मिसळायचं ऑइल गेलं, पण इंजिनातलं ऑइल वेळेवर बदलणं राहिलंच. खालून ठक्-ठक् आवाज येऊ लागला, तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका.

दादाचं कोपर सांधलं, पण हात पूर्ण सरळ कधी झाला नाही. वडापावची गोष्ट मी त्याला पुढं बऱ्याच वर्षांनी सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "मला त्याच दिवशी मिस्त्रींनी सांगितलं होतं."