उसन्या चालीची बाजू

हौशी माणसाने चार ओळी लिहून त्यांना चाल लावली आणि कुणा जाणकाराला ऐकवली, की अभिप्राय ठरलेला असतो: छान आहे, पण अमक्याची छाप दिसते. पेटी वाजवणाऱ्यालाही हेच ऐकावे लागते आणि कॉलेजात गिटार घेऊन गाणी रचणाऱ्या मुलालाही. या अभिप्रायामागे एक सिद्धान्त आहे. प्रत्येकाच्या आत त्याचे स्वतःचे गाणे असते, बाहेरचे फार ऐकल्याने ते दबते. तेव्हा ज्याला स्वतःचे काही करायचे आहे त्याने ऐकणे आवरावे आणि नक्कल तर मुळीच करू नये. स्पर्धांचे परीक्षक हे सांगतात, पालक सांगतात, आणि गंमत अशी की जुन्या वळणाचे घराणेदार गवईही वेगळ्या वाटेने तिथेच येऊन पोचतात. त्यांच्या मते गुरूखेरीज कुणाचे ऐकले की गळा बिघडतो. एकाला व्यक्तित्व बाटण्याची भीती, दुसऱ्याला घराणे बाटण्याची. दोघेही सांगतात एवढेच, की कान झाका.

हा पूर्वपक्ष वरवर पटण्यासारखा आहे. तो खरा असता तर मात्र मराठी संगीताचा निम्मा इतिहास घडलाच नसता.

अण्णासाहेब किर्लोस्करांपासूनच सुरुवात करू. पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहून त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली आणि 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. पुढे 1882 मध्ये ‘सौभद्र’. या नाटकांतील पदे कशी रचली गेली हे छापील पुस्तकेच सांगतात. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे आधीच्या एखाद्या गाण्याचा निर्देश असतो. कुठे लावणी, कुठे कीर्तनातले पद, कुठे कानडी गीत, कुठे नुसतेच साकी किंवा दिंडी. अण्णासाहेब बेळगाव भागातले, गुर्लहोसूरचे. कानडी चाली त्यांच्या कानावर लहानपणापासून होत्या. त्यांनी त्या लपवल्या नाहीत, उलट छापून सांगितल्या. कारण उघड आहे. पुस्तक विकत घेणाऱ्या हौशी गायकाला मूळ चाल ठाऊक असली की पद घरबसल्या गाता येई. उसनवारी ही तेव्हा शरमेची बाब नव्हती, ती वाचकाची सोय होती. आणि तरीही ‘सौभद्रा’ची पदे ऐकून कुणाला पारशी नाटक आठवत नाही, कानडी मुलूखही आठवत नाही, सौभद्रच आठवते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, किर्लोस्कर हे नाटककार, त्यांना चाली हव्याच होत्या. वादकाचे काय? वादकाचा हात तर नकलेने कायमचा वळतो.

गोविंदराव टेंब्यांचे उदाहरण नेमके याचसाठी घ्यायला हवे. कोल्हापूरकडच्या या माणसाला पेटीचे रीतसर शिक्षण असे फारसे मिळालेले नव्हते. त्यांनी ध्यास घेतला तो भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याचा, आणि तो गळ्यातून नव्हे, पेटीतून काढायचा. आता पेटी हे वाद्य या कामाला सर्वांत नालायक. तिचे सूर पट्टीला बांधलेले, दोन सुरांमधली जागा तिला दाखवताच येत नाही, मींड निघत नाही. गवयाची नक्कल करायला निघालेल्या पेटीवाल्याची वाट पहिल्याच वळणावर अडते. तिथे त्याला दुसरे काहीतरी शोधावे लागते: बोटांचा हलका स्पर्श, भात्याचा दाब कमीजास्त करणे, मींडेच्या जागी कणस्वरांचा आभास. टेंब्यांच्या पेटीला गायकी अंगाची म्हणून जी कीर्ती मिळाली ती या अडचणीतून आली. नक्कल करायची ठरवली नसती तर ही अडचण त्यांच्यापुढे उभीच राहिली नसती.

मला या प्रकरणातले खरे मर्म इथे दिसते. हौशी माणूस कधीच पूर्ण नक्कल करू शकत नाही. त्याचा गळा तेवढा तयार नसतो, बोटे तेवढी चालत नाहीत, वेळ तर नोकरीतून उरेल तेवढाच. आदर्श आणि कुवत यांच्यात जे अंतर पडते ते त्याला स्वतःच्या युक्तीने भरून काढावे लागते. त्याचे स्वतःचे असे जे काही असेल ते या भरून काढण्यात असते. ज्याच्यापुढे आदर्शच नाही त्याला अंतर कुठले आणि ते भरण्याची निकड तरी कुठली? तो बोटे जिथे सवयीने पडतात तिथेच फिरत राहतो आणि त्याला आपली शैली समजतो. गिटारवर शिकलेले पहिले चार कॉर्ड आलटूनपालटून वाजवत ज्यांनी वीस गाणी रचली, ती माणसे प्रभावमुक्त नसतात. त्यांच्यावर त्या चार कॉर्डांचा प्रभाव असतो आणि त्याचा त्यांना पत्ता नसतो.

टेंबे पुढे व्यवसायातही उतरले. 1911 च्या ‘मानापमाना’ला त्यांनी चाली दिल्या तेव्हा उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी मराठी रंगभूमीवर आणली. पाच वर्षांनी ‘स्वयंवरा’साठी खुद्द भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली बांधल्या. ज्याला आपण अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणून जपतो त्याची जडणघडण ही अशी आहे.

आता कुमार गंधर्व. विसाव्या शतकातल्या मराठी कानांना सर्वांत स्वतंत्र वाटलेला गायक कोण, असे विचारले तर बहुतेक जण हेच नाव घेतील. त्यांची पहिली कीर्ती कशाची होती? तबकड्या ऐकून मोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करणारा मुलगा, ही. त्या नकलेने त्यांचा गळा मारला नाही. 1936 मध्ये ते मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे आले. देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य, पण पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केलेले आणि कुठल्याही घराण्याच्या गवयाचे गाणे कान देऊन ऐकणारे. त्यांनी या मुलाचे कान झाकले नाहीत. पुढे आजारपणात देवासला अंथरुणावर असताना माळव्यातली लोकगीते कानावर पडली आणि त्यांतून ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या ग्रंथातले धुनउगम राग निघाले. एवढे झाल्यावरही, स्वतःचे गाणे पूर्ण उभे असताना, त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. दुसऱ्याची पदे घेऊन मैफलीला बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पण कुमार हे असामान्य, त्यांचे उदाहरण सामान्याला लागू नाही, असा आक्षेप येईल. मग वसंतराव देशपांड्यांचे घ्या. ते प्रतिभेने असामान्यच, पण उपजीविकेने लष्कराच्या हिशेब खात्यातले नोकरदार, आयुष्याची ऐन वर्षे कचेरीत काढलेले. नागपूरला सप्र्यांकडे शिकले, लाहोरला असद अली खाँकडून मारवा घेतला, सुरेशबाबू मान्यांकडे गेले आणि मास्टर दीनानाथांचा ठसा तर उघड उघड मिरवला. इतक्या ठिकाणचे घेतल्यावर शुद्धतावाद्यांच्या हिशेबाने खिचडी व्हायला हवी होती. 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तेच खाँसाहेब आफताब हुसेन झाले. दुसऱ्या घराण्याचा मुलगा ऐकून ऐकून विद्या नेईल, म्हणून धास्तावलेला गवई. ही भूमिका वसंतरावांनी करावी यातली खोच नाटककार दारव्हेकरांना ठाऊक असणारच.

गीतलेखनातही हेच. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधला (1936) ‘आधी बीज एकले’ हा अभंग शांताराम आठवल्यांनी लिहिला, केशवराव भोळ्यांनी चाल दिली, आणि अनेकांना तो गाथेतलाच वाटला. प्रभाव यापेक्षा खोल जाऊ शकत नाही. पूर्वपक्षाच्या हिशेबाने हा कवी आता तुकोबांच्या सावलीत संपायला हवा. पण पुढच्याच वर्षी ‘कुंकू’साठी त्याने ग्रामीण बोलीतले जे पद लिहिले त्यात गाथेचा मागमूस नाही. एका आवाजात मनसोक्त बुडून आलेल्याला दुसऱ्या आवाजात शिरणे जड गेले नाही.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मान्य करायला हवे. एकाच गायकाचे आयुष्यभर ऐकणारा खरोखरच कार्बन कॉपी होतो. बालगंधर्वांच्या किती प्रतिमा महाराष्ट्राने सोसल्या! क्षयाने फुप्फुस निकामी झालेल्या कुमारांनी श्वास तोकडा पडतो म्हणून जे तुकडे पाडले, तेच तुकडे दोन धडधाकट फुप्फुसांच्या गायकांनी शैली म्हणून उचलले. पण हा अति ऐकण्याचा दोष नाही, फार थोडे ऐकल्याचा आहे. एकाच्या मुठीतून सुटायचे तर दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जायला हवे.

भजनी मंडळांवरचा आरोपही असाच तपासून घ्यावा. अभंगाला सिनेमाची चाल लावली की लोक नाक मुरडतात. काही वेळा ते बरोबर असते, पण कारण चुकीचे देतात. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे असतात. ती भलत्याच मापाच्या मुखड्यात कोंबली की शब्द मध्येच मोडतो आणि विठ्ठलाऐवजी नटीच आठवते. हे मापाचे भांडण आहे, पावित्र्याचे नव्हे. ज्या पेटीवर हे मंडळ गाते ती पॅरिसच्या दबँने 1842 मध्ये पेटंट घेतलेल्या वाद्याची वंशज आहे. आकाशवाणीने 1940 ते 1971 तिला बंदी घातली, ती परकी आणि भारतीय सुरांना घातक म्हणून. गावोगावच्या मंडळांनी ती एक दिवसही खाली ठेवली नाही, आणि आज पेटीवाचून भजन कुणाला सुचत नाही.

दुसऱ्याची चाल स्वतःची म्हणून विकणे ही चोरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यावरचा उपाय सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या नाटकाच्या पुस्तकांनीच दाखवला आहे. स्पर्धा भरवणाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती: ‘चाल पूर्णपणे स्वतंत्र असावी’ ही अट काढून टाका. तिच्यामुळे मुले खोटे बोलायला शिकतात. त्याऐवजी गाण्याच्या माथ्यावर कुणाकुणाचे काय घेतले ते लिहायला लावा, आणि ज्याची यादी एकाच नावावर संपते त्याचे गुण कापा.