उडीनंतरची गोष्ट

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. तपासाचे धागे लंडनपर्यंत गेले आणि भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांना अटक करून बोटीने मुंबईकडे धाडलं. ८ जुलै १९१० ला मार्सेलिस बंदरात त्यांनी ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी मारली. उडी आपल्याला शाळेपासून पाठ असते. पुढचं सहसा कुणी सांगत नाही.

किनाऱ्यावर फ्रेंच पोलिसानेच त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं. मग फ्रान्सने कैदी परत मागितला आणि प्रकरण हेगच्या लवाद न्यायालयात गेलं. पाच पंच बसले, पण सावरकरांची बाजू मांडायला कुणी नाही, कारण वाद दोन सरकारांचा! २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा: अटकेत आणि हवाली करण्यात अनियमितता झाली, तरी कैदी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. मला हे ‘तरी’ खटकतं. तोवर मुंबईत दोन जन्मठेपा सुनावूनही झाल्या होत्या.

१९६० मध्ये इस्रायलने आइकमनला अर्जेंटिनातून पळवून आणलं, तेव्हा प्रश्न पुन्हा उठला: पकडणंच बेकायदा असेल तर खटला चालवता येतो का? जेरुसलेमच्या न्यायालयाने चालवला.

हेगमध्येच २००२ पासून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. तिथे आरोपीला स्वतःचा वकील मिळतो, पीडितांनाही. भारत त्याचा सदस्य नाही.