अक्कलदाढ, डोळा आणि कर्जतची लोकल

‘वरची दाढ उपटू नये, डोळा जातो.’ आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात हे वाक्य ऐकलं नाही असं घर शोधून सापडायचं नाही. नेरळच्या बाजारात ऐका, खोपोलीच्या एसटी स्टँडवर ऐका, नाहीतर भिवपुरीकडच्या एखाद्या वाडीत ऐका. शिकलेली माणसंही दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसली की हळूच विचारतात, ‘नजरेला काही होणार नाही ना?’ या वाक्याचा माग काढत गेलं, तर तो थेट सुश्रुतापर्यंत पोचतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचा एक अध्याय आहे. त्यात ‘अधिमांस’ नावाचा विकार सांगितला आहे. जबड्याच्या अगदी शेवटच्या दाताशी मोठी सूज, असह्य ठणका आणि तोंडातून गळणारी लाळ ही त्याची लक्षणं. ज्याची खालची अक्कलदाढ विसाव्या वर्षी अर्धीच वर येऊन अडली आहे, त्याला हे वर्णन वाचून आपल्याच तोंडाकडे पाहून कुणी लिहिलंय असं वाटेल. दाढेवर हिरडीची झडप राहते, तिच्याखाली अन्न अडकतं, कुजतं, सूज येते आणि जबडा उघडेनासा होतो. त्यावर सुश्रुताचा उपचार असा, की ते वाढलेलं मांस छेदून टाकावं, वेखंड, पाठा, यवक्षार अशा द्रव्यांचं चूर्ण मधातून लावावं आणि पडवळ, त्रिफळा, कडुनिंबाच्या काढ्याने गुळण्या कराव्यात. भूल सोडली, तर हिरडीची झडप कापण्याचा हा प्रकार आजच्या दवाखान्यातही परका वाटणार नाही.

आता मुख्य गोष्ट. चिकित्सास्थानात दाताच्या मुळाशी पू होऊन वाट पडते त्या ‘दंतनाडी’चा विचार आहे. तिथे सुश्रुत स्पष्ट सांगतो, की ज्या दाताशी ही नाडी झाली असेल तो दात काढावा. दुर्लक्ष केलं तर ती जबड्याचं हाड फोडते. मात्र दात वरचा असेल तर काढू नये. घट्ट बसलेला वरचा दात मुळासकट उपटला तर रक्त फार जातं, माणूस एका डोळ्याने अधू होतो, तोंड वाकडं होतं. म्हणून हलणारा असला तरी वरचा दात वैद्याने काढू नये!

म्हणजे आपल्या आज्या जे सांगत होत्या, त्याला किमान दीड हजार वर्षांचं वय आहे.

याला अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेणं मला पटत नाही. भूल नाही, रक्त थांबवायची खात्रीची सोय नाही, जंतू म्हणजे काय हे ठाऊक नाही, अशा काळात वरच्या जबड्यात हात घालायला शहाणा वैद्य कचरणारच. शिवाय डोळ्याची भीती अगदी हवेतली नव्हती. वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला टेकलेली असतात, आणि त्या पोकळीचं छत म्हणजेच डोळ्याच्या खोबणीची जमीन. वरच्या दातांचा पू शिरांमधून मेंदूच्या तळाशी पोचला, तर डोळा सुजून बाहेर येतो, प्रसंगी दृष्टीही जाते. दाढ ठणकायला लागली, सूज चढली, शेवटी कुणीतरी ती उपटली आणि मग डोळा गेला, हे पाहणाऱ्याने दोष उपटण्याला दिला. खरा दोष होता पुवाचा. डोळ्याला धोका दाढ काढल्यामुळे नव्हता, ती सडत ठेवल्यामुळे होता.

लोकांनी सुश्रुताचं अर्धंच वाक्य जपलं. ‘वरची काढू नये’ हे पाठ झालं, ‘दुर्लक्ष केल्यास हाड फुटतं’ हे विसरलं गेलं. मग वरची काय आणि खालची काय, दाढ काढायचीच नाही, असा नियम होऊन बसला. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत तर हे फार महागात पडतं. तिची मुळं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली उतरतात, त्यामुळे तिथला पू गळ्यात सरकतो. हनुवटीखाली लाकडासारखी टणक सूज येते, जीभ वर ढकलली जाते आणि श्वास कोंडतो. १८३६मध्ये विल्हेल्म लुडविग या जर्मन डॉक्टरने याचं वर्णन केलं. आजार आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. पेनिसिलिन येण्याआधी याने माणसं दगावत. घरात मात्र ‘गळा सुजून गेला’ एवढंच म्हटलं जायचं, दाढेचं नावही निघत नसे.

आपल्याकडे दाढेसाठी होतं काय? लवंग, मिठाच्या गुळण्या आणि कात. कातकरी हे नावच मुळी या कातावरून आलं. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, आटवून कात करायचा हा त्यांचा जुना धंदा. कात तुरट, हिरडी आवळणारा. आयुर्वेदातली खदिरादि गुटिका याच खैराची. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात झाड तोडणं गुन्हा झाला आणि या धंद्याच्या मुळावरच घाव बसला. अख्ख्या मुंबई इलाख्याच्या विड्यात आणि दंतमंजनात ज्यांचं कसब उतरायचं, त्यांच्याच वाड्यांवर दाताचा डॉक्टर सर्वांत उशिरा पोचला, हे मला फार टोचतं.

जगात मात्र याच काळात चक्रं फिरली होती. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्ड इथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच अक्कलदाढ काढवून घेतली. बारा वर्षांनी, १८५६मध्ये, आगगाडी आपल्या खोपोलीला पोचली आणि १८६३मध्ये बोरघाट चढली. १८८४मध्ये कोकेनने जागा बधिर करता येते हे कळलं. न्यूयॉर्कच्या विल्यम हॉलस्टेडने ते खालच्या जबड्याच्या नसेपाशी टोचून दाखवलं, आणि प्रयोग करता करता बिचारा स्वतःच त्याच्या आहारी गेला. १८९६मध्ये दातांचा पहिला एक्स-रे निघाला. १९४३मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं. आज कर्जतच्या दवाखान्यात जबड्यात टोचतात ते बहुधा हेच.

आपल्या देशात पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२०मध्ये कोलकात्यात काढलं. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३चं. दंतवैद्यक कायदा झाला १९४८मध्ये. म्हणजे त्याआधी आपल्या भागात अक्कलदाढ अडली, तर घरचा दोरा, बाजारातला दात काढणारा किंवा देव, एवढेच पर्याय.

पुढे कर्जतकरांच्या बाजूने उभी राहिली ती लोकल. शंभर किलोमीटरचा, दोनेक तासांचा प्रवास. पण शेवटच्या स्टेशनाला लागूनच सेंट जॉर्ज रुग्णालयाचं आवार आणि त्यातच सरकारी दंत महाविद्यालय. पहाटेच्या गाडीने गालाला रुमाल बांधून जायचं आणि तोंडात कापसाचा बोळा चावत संध्याकाळी परत यायचं. (येताना कर्जत स्टेशनवरच्या वड्याच्या वासाने जो छळ होतो, तो वेगळाच.) वाडीवरच्या मजुराला मात्र ही फेरीसुद्धा एका दिवसाची मजुरी बुडवून करायची असते. आता खारघर, कामोठे, नेरूळ इथेही दंत महाविद्यालयं आहेत, गावात दवाखाने आहेत. अंतर कमी झालंय, भीती तेवढी नाही.

प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे, असंही मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०००मध्येच सांगितलं, की त्रास नसलेली अडकलेली दाढ नुसती खबरदारी म्हणून काढू नये. शस्त्रक्रियेलाही तिचे धोके आहेत. खालच्या दाढेजवळून ओठाची आणि जिभेची नस जाते. क्वचित ओठ किंवा जीभ बधिर राहते. वरची दाढ काढताना गालाच्या पोकळीला भोक पडू शकतं. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर हे विचारा. नजर जाईल का, हे विचारायची गरज नाही. आणि सूज हनुवटीखाली उतरली, तोंड उघडेना, घास गिळवेना, तर मात्र सकाळच्या गाडीचीही वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा.

बाकी दाढ काढल्यावर पहिल्या दिवशी गालावर बर्फ, चूळ जोरात भरायची नाही, विडी-तंबाखू बंद. टाके साधारण आठवड्याने काढतात. तोवर नाचणीची पेज, गार करून.