दोह्यातील बर्फाचे मैदान

अल मन्सूरा हे दोहा मेट्रोच्या हिरव्या मार्गाचे अखेरचे स्थानक. तेथून मशैरिब येथे गाडी बदलून सोनेरी मार्गाच्या पश्चिम टोकाला, अल अझीझियाला उतरले की विलाजिओ मॉल लागतो. आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, २००६मध्ये खुल्या झालेल्या या मॉलमध्ये व्हेनिसच्या धर्तीचा कालवा आहे आणि गोंडोलानिया या मनोरंजन विभागात बर्फाचे मैदान. कतारमधील आइस हॉकी प्रामुख्याने येथेच रुजली.

उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ अंशांवर असताना बर्फ टिकवणे हे मुख्यतः आर्द्रतेशी झुंजणे असते. अशा मैदानांत काँक्रीटमधील नळ्यांतून अतिथंड क्षारजल किंवा ग्लायकॉल खेळवतात. वरचा बर्फ जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जाडीचा असतो. हॉकीसाठी त्याचे तापमान उणे पाच अंशांच्या आसपास लागते. दमट हवा आत शिरली की मैदानावर धुके दाटते आणि छताला पाणी सुटते. आखातात वातानुकूलनाची कामे करणाऱ्या मराठी अभियंत्यांना हे वेगळे सांगायला नको. ओरखडलेला पृष्ठभाग मात्र गरम पाण्याने सांधतात, कारण त्यात विरघळलेली हवा कमी असल्याने बर्फ घट्ट गोठतो.

मे २०१२मध्ये कतारला आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचे सदस्यत्व मिळाले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला मॉलमधील पाळणाघराच्या भागात आगीने १९ बळी घेतले. त्यांत १३ बालके होती. मॉल सप्टेंबरपर्यंत बंद राहिला. २०१४मध्ये कतारचा संघ कुवेतमधील आखाती स्पर्धेत उतरला.

मैदान मॉलमध्ये असणे ही खेळाची अडचण आहे आणि आधारही. येणाऱ्या कुटुंबांच्या स्केटिंगला बर्फ आधी द्यावा लागतो. पण विजेचे बिलही त्यांच्याच तिकिटांतून भागते. याउलट डेहराडूनचे सरकारी मैदान २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांनंतर अनेक वर्षे बंद पडून होते; ते २०२५मध्ये पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी अमिरातीतील अल ऐन येथे भारतीय महिलांनी आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. त्यांतील बहुतेक जणी लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर, हिवाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत खेळ शिकल्या होत्या.